छाती लहान करण्याची शस्त्रक्रिया: कोल्हापूर भागातल्या बायकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत डॉक्टरांसमोर बहुतेक जणी दोनच गोष्टी विचारतात: खर्च किती, आणि दुखतं का. बाकीचं सगळं दाराबाहेर आल्यावर, आवाज खाली आणून, सिस्टरला विचारलं जातं. प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काम करताना कानावर आलेले असे दाराबाहेरचे प्रश्न इथं घेतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जननी तुम्हाला तपासून काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

हे नटण्यामुरडण्याचं ऑपरेशन आहे ना?

दिसणं बदलतं, आणि बदललेलं आवडतंही; त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण बायका येतात त्या दुखण्यापायी. मान आणि खांदे दिवसभर भरून येतात. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडतात. छातीखालची कातडी घामानं सोलवटते, तिथं बुरशी लागते, मलम लावलं की चार दिवस बरं आणि पुन्हा तेच. काहींची बोटं बधिर होतात. जोतिबाच्या पायऱ्या उतरताना छाती हातानं धरावी लागते, म्हणून जायचंच टाळणाऱ्या बायका आहेत. एका बाजूनं अर्धा किलो, कधी किलोभरही ऊतक, म्हणजे आतल्या ग्रंथी आणि चरबी, निघतं. एवढं ओझं वीस-तीस वर्षं पुढं बांधून फिरल्यावर पाठीनं तक्रार केली तर नवल नाही.

माझा त्रास ऑपरेशन करण्याएवढा आहे, हे कसं कळणार?

कपच्या आकड्यावरून कळत नाही. अंगकाठी, उंची, खांद्यांची रुंदी, छाती किती ओघळलेली आहे, हे सगळं बघावं लागतं. संध्याकाळी मान भरून आल्यावर दोन्ही हातांनी छाती वर उचलून धरा. लगेच हलकं वाटलं तर दुखण्यात छातीच्या वजनाचा वाटा आहे असं समजायला जागा आहे. हा पक्का निकष नव्हे. पाठ आणि मान दुखायला मणक्याचे आजार, ड जीवनसत्त्वाची कमतरता, दिवसभर वाकून काम करणं अशी इतरही कारणं असतात. ती आधी तपासून घ्या, नाहीतर ऑपरेशन व्यवस्थित होईल आणि पाठ तशीच दुखत राहील.

आधी दुसरं काही करून बघता येईल का?

बघावंच. पहिली गोष्ट म्हणजे मापाची ब्रा. दुकानात काउंटरपलीकडं पुरुष उभा असला की बायका माप सांगत नाहीत, जी मिळेल ती पिशवीत घालून घरी येतात. परिणामी वर्षानुवर्षं पट्टा सैल आणि कप तोकडा अशी ब्रा अंगावर असते. वजन खांद्यांनी नाही, छातीभोवतीच्या रुंद पट्ट्यानं पेलायचं असतं. दुसरं, पाठीच्या आणि खांद्याच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी. तिसरं, छातीखालच्या पुरळावर त्वचारोगतज्ज्ञांचं औषध. दुकानातून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं नकोत. यानं काहींचं भागतं. मात्र छाती खूपच जड असेल तर हे उपाय तात्पुरते ठरतात आणि ऑपरेशननंतर मिळणारा आराम त्यांतून मिळत नाही. हे केलं होतं याचे कागद जपून ठेवा, विम्यासाठी लागतात.

वजन कमी केलं की छाती आपोआप कमी होईल, असं सगळे सांगतात.

छातीत चरबीचा भाग जास्त असेल तर थोडी कमी होईल. ग्रंथींचा भाग जास्त असेल तर वजन दहा किलोनं उतरलं तरी छाती जागच्या जागी राहते, उलट बाकीचं अंग बारीक झाल्यामुळं जास्तच मोठी दिसते. तरीही वजन खूप असेल तर ते आधी कमी करून साधारण सहा महिने स्थिर ठेवायला सर्जन सांगतात. लठ्ठपणात जखम उशिरा भरते, भुलेचा धोकाही वाढतो. यातली गोची अशी की छाती जड म्हणून व्यायाम होत नाही आणि व्यायाम होत नाही म्हणून वजन उतरत नाही. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. काही किलोंवरून ते अडून बसतीलच असं नाही.

कोणत्या वयात करावं?

छातीची वाढ थांबल्यावर, म्हणजे साधारण अठराच्या पुढं. काही मुलींची छाती वयात येताना काही महिन्यांत बेसुमार वाढते. अशी मुलगी शाळेत पाठीत वाकून बसते, खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणते. तिला आधीही दाखवायला हरकत नाही, ऑपरेशन कधी करायचं ते डॉक्टर ठरवतील. वरच्या बाजूला वयाची मर्यादा नाही. साठीच्या बायकाही करून घेतात.

लग्नाआधी करावं की मुलं झाल्यावर? अंगावर पाजता येईल का?

हा प्रश्न मुलीपेक्षा मुलीची आई जास्त विचारते. नेहमीच्या पद्धतीत निपल पूर्ण सुटं करत नाहीत. त्याला रक्त पुरवणारा ऊतकांचा देठ शाबूत ठेवून ते वर सरकवतात. त्यामुळं पुष्कळ जणींना नंतर अंगावर पाजता येतं. पण काही दुधाच्या नळ्या आणि ग्रंथी कापल्या जातात, म्हणून दूध पुरेसं येईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. वरचं दूध जोडीला द्यावं लागू शकतं. छाती फारच मोठी असेल तर क्वचित निपल सुटं करून पुन्हा कलम करावं लागतं. तसं केलं तर पाजता येत नाही.

वर्षा-दोन वर्षांत मूल हवं असेल आणि पाजणं तुमच्यासाठी मोलाचं असेल तर थांबलेलं बरं. बाळंतपणात छाती पुन्हा वाढते, उतरते, आकार बिघडतो. बाळाचं दूध तुटल्यावर किमान सहा महिने जाऊ देतात. पण लग्नाचं काही ठरलेलं नाही, पाठ आज दुखते आहे, आणि 'पुढं बघू' म्हणत मुलगी तिशीला आली आहे, अशा घरांना माझं सांगणं वेगळं असतं. न ठरलेल्या लग्नासाठी दुखणं अंगावर काढण्यात शहाणपण नाही. स्थळाला सांगायचं का? मुलीला विचारा. शरीर तिचं आहे. व्रण राहणारच आहेत, तेव्हा सांगून टाकलेलं सोपं पडतं, एवढंच माझं मत.

यानं पुढं कॅन्सर होतो का?

नाही. उलट ऊतक कमी झाल्यामुळं धोका किंचित कमीच होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. चाळिशी ओलांडलेल्यांची किंवा घरात स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास असलेल्यांची आधी मॅमोग्राफी (छातीचा खास एक्स-रे) करतात, तरुण मुलींची सोनोग्राफी. काढलेलं ऊतक तपासणीला पाठवतात आणि क्वचित त्यातच दडलेला आजार सापडतो. त्याचा रिपोर्ट आठवणीनं मागून घ्या. अनेक जणी तो न्यायलाच येत नाहीत.

कोल्हापुरात होतं का, की पुण्याला जावं?

इथं होतं. गाव कोणतं यापेक्षा डॉक्टर कोण, हे बघा. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी असलेले सर्जन हवेत. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं असते, ती पडताळता येते. 'कॉस्मेटिक' अशी पाटी लावायला कुणाचाच हात धरलेला नसतो, म्हणून पाटीवर जाऊ नका, पदवी विचारा. अशी किती ऑपरेशन्स केली, टाके उसवले किंवा रक्त साकळलं तर रात्री कोण बघतं, भूलतज्ज्ञ कोण, हेही विचारा. चांगले सर्जन अशा प्रश्नांनी रागावत नाहीत. खासगी परवडत नसेल तर सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथल्या शल्यचिकित्सा विभागात चौकशी करा.

चंदगड, गगनबावडा, आजरा इकडून येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट धरून चालावी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ड्रेसिंगसाठी वरचेवर यावं लागतं. पुण्यात ऑपरेशन करून प्रत्येक वेळी हायवेनं हेलपाटा घालण्यापेक्षा जवळचं बरं. पहिला आठवडा कोल्हापुरातच पाहुण्यांकडं राहता आलं तर उत्तम.

तपासताना पुरुष डॉक्टर असतील तर?

तपासणीच्या वेळी खोलीत बाई सहायक किंवा तुमच्या सोबतीची बाई असावी, हा तुमचा हक्क आहे. मागायला संकोच नको. ऑपरेशनआधी आणि नंतरचे फोटो काढतात, ते उपचाराच्या नोंदीसाठी. त्यात चेहरा नसतो आणि तुमची लेखी संमती लागते. फोटो कुठं ठेवणार, जाहिरातीत वापरणार का, हे विचारा आणि नको असेल तर संमतिपत्रावर तसं लिहा.

खर्च किती? विमा मिळतो का?

खासगी रुग्णालयात बिल साधारण लाखाच्या वर जातं. अंदाजपत्रक लेखी घ्या: सर्जन, भूल, थिएटर, खोली, औषधं, ऊतकाची तपासणी, सपोर्ट ब्रा, नंतरची ड्रेसिंग, यांतलं काय धरलं आहे आणि काय नाही ते बघा. ड्रेसिंग वेगळी लावली तर आकडा बराच फुगतो.

विमा पॉलिसींच्या प्रमाणित अपवादांत कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. मात्र अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं असेल, तर तो अपवाद लागू होत नाही. 'थेट आणि तातडीचा' हे शब्द विमा कंपन्या घट्ट धरून बसतात. म्हणून ऑर्थो, त्वचा आणि फिजिओचे जुने कागद लावून आधीच लेखी पूर्वमंजुरी मागा. ऑपरेशननंतर भांडण्यापेक्षा आधी पत्र लिहिणं स्वस्त. नकार आला तर तोही लेखीच घ्या. शिवाय ऑपरेशन सौंदर्यासाठी आहे असं मांडलं गेलं तर बिलावर जीएसटीही लागतो, तेव्हा कागदावर कारण काय लिहिलं जातंय ते वाचा. सरकारी योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्रांना विचारा.

"सिस्टर, मी मिसरी लावते. चालंल नव्हं?"

चालणार नाही. हा प्रश्न मी सगळ्यांना स्वतःहून विचारते, कारण 'तंबाखू खाता का' म्हटलं की बायका नाही म्हणतात. मिसरीला त्या तंबाखू धरतच नाहीत, दात घासायची पूड म्हणतात. पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि या ऑपरेशनमध्ये निपल आणि टाक्यांच्या कडा अशाच बारीक रक्तवाहिन्यांवर जगत असतात. रक्त कमी पडलं तर कडा काळ्या पडतात, जखम उघडते, निपलचा काही भाग किंवा पूर्ण निपल गमावण्याची वेळ येऊ शकते.

ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. बोटभरसुद्धा नाही. निकोटिनचं च्युइंगमही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यातही निकोटिनच असतं. मिसरी सोडली की सकाळी पोट साफ होत नाही, डोकं धरतं, चिडचिड होते. हे खरं आहे आणि आठवडा-दोन आठवडे टिकतं. कोमट पाणी, इसबगोल, पालेभाजी यांनी पोटाचं निभतं. सोडणं जमलं नाही तर तसं सांगा, आम्ही तारीख पुढं ढकलू. लपवू मात्र नका. सासूबाईंना कळू द्यायचं नसेल तर त्यांना बाहेर पाठवून विचारू.

आणखी काय तयारी लागते?

हिमोग्लोबिन. आपल्याकडच्या अनेक बायकांचं ते कमी असतं, आणि ते वाढवायला लोहाच्या गोळ्या महिना-दोन महिने घ्याव्या लागतात, तेव्हा तपासणी लवकर करा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, गर्भनिरोधक गोळ्या, काढे, वैदूची औषधं, सगळं दाखवा. काय थांबवायचं ते डॉक्टर सांगतील, स्वतः काही बंद करू नका.

पाळी आली म्हणून ऑपरेशन रद्द होत नाही, फक्त सांगा. पण नवरात्रात किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर ते लपवू नका. त्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो, आणि ऑपरेशननंतर तो धोका आधीच असतो.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

आधी तुम्हाला उभं करून पेननं खुणा करतात. आडवं झाल्यावर छातीचा आकार बदलतो म्हणून. मग पूर्ण भूल. दोन ते चार तास लागतात. जादा ग्रंथी, चरबी आणि कातडी काढतात, निपल वर सरकवतात, उरलेल्याला आकार देतात. छाती मोठी असेल तर टाके जहाजाच्या नांगराच्या आकाराचे येतात: निपलभोवती गोल, तिथून खाली उभी रेघ, आणि छातीखालच्या घडीत आडवी. कमी काढायचं असेल तर आडवी रेघ टळू शकते. नुसतं लायपोसक्शन, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढणं, करून भागेल का, असं विचारतात. चरबी जास्त आणि ओघळ कमी असेल तरच. ओघळलेली कातडी त्यानं वर येत नाही.

मला अमुकच मापाची हवी, असं सांगता येईल का?

इच्छा सांगा, हवं तर फोटो दाखवा. पण कपच्या मापाची हमी कुणी देत नाही, दिली तर सावध व्हा. निपलचा रक्तपुरवठा जिथवर टिकतो तिथवरच काढता येतं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत, मुळातही नसतात.

मंगळसूत्र काढावं लागेल?

हो. थिएटरमध्ये रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात, अंगावर धातू असला तर भाजू शकतं. जोडवी, नथ, बांगड्या सगळं उतरवून घरच्यांकडं द्या. नेलपॉलिशही काढा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात.

शुद्धीवर आल्यावर किती दुखतं?

पहिले तीन-चार दिवस ठणकतं, गोळ्यांनी आवरतं. बहुतेक जणी म्हणतात की सिझरपेक्षा सोसवतं. छाती ताठ, सुजलेली, उंच आणि चौकोनी दिसते. पहिल्या ड्रेसिंगला आरसा मागून रडणाऱ्या असतात. तो अंतिम आकार नव्हे, खाली बसायला काही महिने जातात. कधी आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढायला दोन्ही बाजूंना नळ्या असतात, त्या दोनेक दिवसांत काढतात. एक-दोन रात्रींनी घरी सोडतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून चालवतात, पायात गुठळी होऊ नये म्हणून. तेव्हा 'तिला झोपू दे' म्हणणाऱ्या नातेवाइकांशी आमचं दरवेळी थोडं वाजतं.

घरचं काम कधीपासून?

खरी अडचण इथं आहे. ऑपरेशन तीन तासांचं असतं, बरं होणं सहा आठवड्यांचं, आणि ते सहा आठवडे घरात काढायचे असतात.

पहिले दोन आठवडे दोन किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. फळीवरचा डबा नको, भरलेला कुकर नको. चहा टाकायला हरकत नाही. बसून करायचं काम, शाळा, बँक, दुकानाचा गल्ला, साधारण दोन आठवड्यांनी जमतं. स्कूटी तीन-चार आठवड्यांनी, तीही अचानक ब्रेक दाबताना छाती खेचत नसेल तरच, आणि राजारामपुरीतल्या गर्दीच्या वेळी नको. लहान मूल कडेवर घेणं चार ते सहा आठवडे बंद. ते जवळ येतं तेव्हा तुम्ही खाली बसा आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला मांडीवर द्यावं.

भाकरी थापणं हलकं काम वाटतं, पण त्यात छातीचेच स्नायू दणादण वापरले जातात. पीठ मळणं, धुणं पिळणं, पाण्याची घागर, म्हशीची धार काढणं, वैरणीचा भारा, हे सगळं सहा आठवड्यांनंतर आणि डॉक्टरांनी जखम बघून हो म्हटल्यावर. भारा तर आणखी उशिरा.

टाके उसवलेल्या बायका माझ्याकडं परत येतात तेव्हा कारण मोठं नसतं. पाहुणे आले होते. मोलकरीण आली नाही. सगळ्यांच्या भाकरी होत्या. म्हणून मी प्रत्येकीला सांगते: तारीख पक्की करण्याआधी घरातली रोजची कामं कागदावर लिहा आणि प्रत्येक कामापुढं तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं तरी नाव घाला. धारेपुढं नाव सापडलं नाही, तर म्हशीची सोय होईपर्यंत ऑपरेशन थांबवा. 'बघू, होईल काहीतरी' याचा अर्थ दहाव्या दिवशी तुम्हीच धारेला बसणार, असा असतो. आणि नवरे मंडळी हे वाचत असतील तर, दवाखान्याचं बिल भरलं म्हणजे तुमचं काम संपलं असं नाही.

झोप, अंघोळ, ब्रा?

पाठीवर, डोकं थोडं उंच ठेवून झोपायचं. पालथं झोपणं किमान सहा आठवडे नाही. अंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा दोन दिवसांनी, वरून पाणी घेऊन. नंतर टाके टिपून कोरडे करायचे, चोळायचे नाहीत. पंचगंगेत किंवा तळ्यात उतरणं जखमा पूर्ण भरेपर्यंत नको. सपोर्ट ब्रा रात्रंदिवस साधारण सहा आठवडे. पुढून उघडणारी, तार नसलेली घ्या. डोक्यातून घालायचे कपडे बाजूला ठेवा, गाऊन किंवा पुढं बटणं असलेला शर्ट बरा.

भात खाल्ला तर जखमेत पू होतो का?

नाही. भातानं, डाळीनं, आंबटानं, अंड्यानं पू होत नाही. पू जंतूंनी होतो. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून अंडी, दूध, डाळी, मासे, चिकन, मटण जे खात असाल ते खा. पांढरा रस्सा बेलाशक प्या. तांबड्याचा कट पहिल्या आठवड्यात बेतानं, कारण दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात जळजळतं. कडक उपवास या काळात नको. साबुदाण्यानं पोट भरतं, जखमेला त्याचा काही उपयोग नाही. टाक्यांवर हळद-तेल लावायचं नाही.

कोणता ऋतू चांगला?

जखम कोणत्याही ऋतूत भरते. पण एप्रिल-मेच्या उकाड्यात घट्ट ब्रा नको होते, आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत ती वाळत नाही. ओली ब्रा घालणं सगळ्यात वाईट. पावसाळ्यात करणार असाल तर तीन-चार ब्रा घ्या आणि इस्त्री हाताशी ठेवा. दिवाळीनंतरची थंडी सोयीची, फक्त लग्नसराई आणि ऊसतोड बघून ठरवा.

व्रण जातात का?

जात नाहीत, फिके होतात. पहिले काही महिने लालसर, टणक, खाजरे असतात. फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. ब्लाऊजमध्ये दिसत नाहीत. आपल्या सावळ्या कातडीत व्रण जाड होण्याचं प्रमाण जास्त. खांद्यावरची बीसीजीच्या लसीची खूण किंवा कान टोचल्याची जागा गाठीसारखी वाढलेली असेल तर ते आधीच दाखवा. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी लावायला सांगतात.

निपलला काही जाणवेल ना?

सुरुवातीला बधिरपणा, मधूनच सुया टोचल्यासारखी कळ, किंवा कापड लागलं तरी नकोसं होणं, हे सगळं होतं. महिन्यांत सुधारतं. काहींची संवेदना कायमची कमी होते, ती जोखीम सही करण्याआधी मान्य असायला हवी.

काय बिघडू शकतं? फोन कधी करायचा?

उभी आणि आडवी रेघ मिळते त्या टोकाला जखम थोडी उघडणं, पाणी सुटणं, हे बऱ्याच जणींना होतं आणि ड्रेसिंगनं भरतं. घाबरू नका, पण दाखवा. आत चरबी मरून टणक गाठ लागू शकते.

लगेच फोन करायचा तो असा: एक बाजू काही तासांत झपाट्यानं फुगली आणि ताठ झाली, निपल निळं-काळं किंवा पांढरंफटक पडलं, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, पू किंवा घाण वास आला. पोटरी सुजून दुखायला लागली तरी त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखून दम लागला तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, १०८ ला बोलवा.

नवरा विचारतोय...

दोन-तीन आठवड्यांनी, तुम्हाला बरं वाटत असेल तर. छातीवर दाब सहा आठवडे नाही. हा प्रश्न त्यांनी स्वतः येऊन विचारला तर आम्हाला आवडेल.

ब्लाऊज कधी शिवायचे?

तीन ते सहा महिन्यांनी. त्याआधी लग्नाचे महागडे ब्लाऊज टाकू नका, सूज उतरली की पुन्हा उसवावे लागतात. तोवर जुनेच आत घेऊन चालवा.

पुन्हा वाढते का?

वजन वाढलं, दिवस गेले किंवा हार्मोनची औषधं चालू झाली तर काही प्रमाणात वाढू शकते. सहसा पूर्वीएवढी होत नाही.

पुरुषांच्या छातीसाठी हेच ऑपरेशन असतं का?

तो वेगळा आजार, गायनेकोमॅस्टिया. ऑपरेशन लहान असतं, पण आधी औषधं, दारू, हार्मोन, यकृत यांची कारणं शोधतात. तालमीतल्या पोरांनी पावडर आणि इंजेक्शनांबद्दल खरं सांगावं.

पहिल्यांदा दाखवायला येताना काय आणू?

जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटं, विम्याचं कार्ड, रोज वापरता ती ब्रा, आणि सोबतीला एक बाई, जिच्यासमोर तुम्ही मोकळेपणानं बोलाल. प्रश्न कागदावर लिहून आणा, आणि तो कागद दाराबाहेर माझ्याकडं न देता आत डॉक्टरांसमोर उघडा.